दारात ओढा, पण पाणी कुणाचं? ॲरिझोनात रँच विकत घेण्याआधी काय तपासावं लागतं

लाल खडकांचे डोंगर, कॉटनवूडच्या झाडांची रांग, मधून वाहणारं निळसर पाणी आणि काठावर एक बैठं घर. खाली ओळ: 'क्रीकसाइड रँच विकणे आहे'. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या मालमत्तांचे असे व्हीडिओ सोशल मीडियावर सतत फिरत असतात.

आपल्याकडे क्रीक म्हटलं की ठाण्याची खाडी आठवते. ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिकोत मात्र क्रीक म्हणजे ओढा. वाळवंटात बारमाही ओढा ही दुर्मीळ गोष्ट, त्यामुळे काठावरच्या जमिनीला भावही तसाच असतो. पण व्हीडिओत सहसा न सांगितली जाणारी एक बाब आहे. जमीन विकत घेतली म्हणून त्यातून वाहणारं पाणी तुमच्या मालकीचं होत नाही. उलट तोच ओढा एका रात्रीत घर वाहून नेऊ शकतो.

मग ग्राहक नेमकं काय विकत घेतो? आणि सही करण्याआधी कोणते कागद पाहायला हवेत? ॲरिझोनाच्या उदाहरणातून समजून घेऊया.

रँच म्हणजे नेमकी किती जमीन?

आधी एक गोंधळ दूर करू. अमेरिकेत 'रँच-स्टाईल' घर म्हणजे फक्त एकमजली, पसरट घर. ते शहरात अर्ध्या एकरावरही असू शकतं. खरी रँच म्हणजे गुरं चारण्याची जमीन.

जाहिरातीत '10 हजार एकरांची रँच' असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्यातली विकणाऱ्याच्या मालकीची जमीन कदाचित शे-दोनशे एकरच असते. (एक एकर म्हणजे 40 गुंठे.) बाकीची जमीन सरकारी असते आणि रँचमालकाकडे तिथे फक्त गुरं चारण्याचा परवाना किंवा भाडेपट्टा असतो.

याचं कारण ॲरिझोनाच्या नकाशात आहे. या राज्यातली जेमतेम 18 टक्के जमीन खासगी मालकीची आहे. उरलेली केंद्र सरकार, आदिवासी राष्ट्रं आणि राज्याच्या ट्रस्टकडे आहे. 1912 मध्ये ॲरिझोनाला राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हा शाळा आणि इतर संस्थांना उत्पन्न मिळावं म्हणून या ट्रस्टला जमिनी देण्यात आल्या. आजही त्याच्याकडे सुमारे 92 लाख एकर जमीन आहे.

केंद्राच्या जमिनीवरचा चराईचा परवाना साधारण 10 वर्षांचा असतो. त्याचं शुल्क गुरांच्या संख्येवर आणि महिन्यांवर ठरतं. 2025 मध्ये एक गाय आणि तिचं वासरू यांच्या एका महिन्याच्या चराईसाठी 1.35 डॉलर द्यावे लागत होते. दर स्वस्त आहे, पण ही मालकी नव्हे. परवाना नव्या मालकाच्या नावावर आपोआप होत नाही, त्यासाठी संबंधित खात्याकडे अर्ज करावा लागतो. शिवाय दुष्काळात किती गुरं चारायची यावर खातं मर्यादा आणू शकतं.

त्यामुळे पहिला प्रश्न हाच: जाहिरातीतल्या एकूण एकरांपैकी खरेदीखतावर किती एकर येणार?

ओढा दारात, तरी पाणी आपलं का नाही?

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांमध्ये साधारण असा नियम आहे की, ज्याची जमीन काठावर, त्याला पाण्याच्या वाजवी वापराचा हक्क. पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांना हा नियम परवडणारा नव्हता. खाणी आणि शेतं नदीपासून लांब होती, पाणी पाट काढून न्यावं लागायचं. त्यातून वेगळा नियम रुजला: ज्याने आधी पाणी वळवून वापरायला सुरुवात केली, त्याचा हक्क आधी.

ॲरिझोनाच्या राज्यघटनेतच लिहिलं आहे की, काठावर जमीन असल्यामुळे मिळणारा पाण्याचा हक्क या राज्यात लागू होणार नाही. नदी-ओढ्याचं पाणी ही सार्वजनिक गोष्ट आहे. व्यक्तीला मिळतो तो ते वापरण्याचा हक्क, आणि प्रत्येक हक्काला एक तारीख असते.

समजा, एका ओढ्यावर दोन रँच आहेत. खालच्या रँचचा हक्क 1885 चा आहे, वरच्या रँचचा 1925 चा. उन्हाळ्यात पाणी आटलं, तर 1885 वाल्याला त्याचा पूर्ण वाटा आधी मिळतो. 1925 वाल्याच्या अंगणातून पाणी वाहत असलं, तरी त्याला ते अडवता येत नाही. तुटवडा सगळ्यांनी मिळून सोसायचा, अशी इथली पद्धत नाही.

या रांगेत अनेक ठिकाणी आदिवासी राष्ट्रं सगळ्यात पुढे असतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1908 च्या 'विंटर्स' खटल्यात स्पष्ट केलं की, आदिवासींसाठी भूभाग राखून ठेवला तेव्हा त्यासाठी लागणारं पाणीही राखलं गेलं. म्हणजे त्यांच्या हक्काची तारीख तो भूभाग स्थापन झाला तेव्हाची, आणि ती बहुतेक वसाहतकऱ्यांच्या तारखेपेक्षा जुनी भरते.

पाण्याचा कागद कसा तपासतात?

ॲरिझोनाचा पाणी कायदा 1919 मध्ये लागू झाला. त्यानंतर ओढ्याचं पाणी नव्याने वापरायचं तर राज्याची परवानगी लागते. त्याआधीपासूनच्या वापराचे दावे वेगळे नोंदवले गेले आहेत. या नोंदी राज्याच्या जलसंपदा विभागाकडे असतात आणि कुणालाही पाहता येतात.

इथे तीन ठिकाणी ग्राहक फसतो.

पहिलं म्हणजे, नोंदवलेला दावा आणि सिद्ध झालेला हक्क यात फरक आहे. 'आमच्याकडे पाण्याचे हक्क आहेत' असं विकणारा म्हणतो, तेव्हा त्याच्या हातात अनेकदा फक्त दाव्याची प्रत असते. तो दावा खरा की खोटा, याचा निकाल लागलेला नसतो.

दुसरं, हक्क वापरला नाही तर जातो. सलग 5 वर्षं योग्य कारणाशिवाय पाणी वापरलं नाही, तर हक्क गमावण्याची तरतूद कायद्यात आहे. त्यामुळे वर्षानुवर्षं ओसाड पडलेलं कुरण आणि कोरडा पाट दिसला, तर तो धोक्याचा इशारा समजायचा.

तिसरं, हक्क सहसा जमिनीसोबत नव्या मालकाकडे जातो, पण विकणारा तो स्वतःकडे राखून ठेवू शकतो. म्हणून खरेदीखतात पाण्याचा उल्लेख काय आहे ते शब्दन् शब्द वाचावं लागतं. व्यवहारानंतर जलसंपदा विभागात नाव बदलून घेणं हे काम वेगळं. टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकीहक्काचा विमा, यात पाण्याचे हक्क साधारणपणे धरलेले नसतात.

सेडोनाजवळच्या व्हर्दे खोऱ्यात ओक क्रीक, वेट बीव्हर क्रीक असे ओढे आहेत. तिथे 1860 च्या दशकापासून वसाहतकऱ्यांनी पाट खोदले आणि त्यातले अनेक आजही वाहतात. अशा ठिकाणी पाण्याची पाळी, पाटाची दुरुस्ती आणि वर्गणी पाटाच्या संस्थेकडून ठरते. जमीन घेताना त्या संस्थेतला वाटा सोबत येतो का, हे विचारावं लागतं.

50 वर्षं चाललेला खटला

कुणाचा हक्क किती आणि कधीपासूनचा, याचा एकदाच निकाल लागावा म्हणून हिला नदीच्या खोऱ्यासाठी 1974 मध्ये प्रक्रिया सुरू झाली. ती अजून संपलेली नाही. यात शहरं, खाणी, आदिवासी राष्ट्रं, केंद्र सरकार आणि छोटे जमीनमालक असे हजारो पक्षकार आहेत. व्हर्दे, सान पेद्रो आणि सांता क्रूझ या नद्यांची खोरी याच खटल्यात येतात. म्हणजे इथे ओढ्याकाठी रँच घेणारा माणूस जमिनीबरोबर अर्ध्या शतकाच्या खटल्यातली जागाही घेतो.

ठीक आहे, विहीर खोदली तर?

बहुतेक ग्रामीण घरांना पाणी मिळतं ते बोअरवेलमधून. ॲरिझोनात भूजल आणि ओढ्याचं पाणी यांना दोन वेगळे कायदे लागू आहेत.

1980 च्या भूजल कायद्याने फिनिक्स, टूसॉन, प्रेस्कॉट आणि पिनाल ही नियंत्रित क्षेत्रं ठरवली. त्यात पुढे आणखी भर पडली. या मूळ क्षेत्रांमध्ये 1975 ते 1980 दरम्यान जी जमीन सिंचनाखाली नव्हती, तिथे नव्याने शेती भिजवता येत नाही. घरगुती वापरासाठी मात्र मिनिटाला 35 गॅलनपर्यंत (सुमारे 132 लिटर) क्षमतेचा पंप असलेल्या विहिरीला बऱ्याच अटींतून सूट आहे.

राज्याचा बहुतांश भूभाग या क्षेत्रांबाहेर आहे. तिथे उपशावर फारसं बंधन नाही. हे ऐकायला सोयीचं वाटतं, पण तीच मोकळीक शेजाऱ्यालाही असते. त्याने दुप्पट खोल बोअर घेऊन मोठी शेती सुरू केली आणि तुमची विहीर आटली, तर कायद्याची मदत तोकडी पडते. आग्नेय ॲरिझोनातल्या कोचीस काउंटीत हा वाद इतका पेटला की 2022 मध्ये दोन खोऱ्यांत मतदान झालं. डग्लस खोऱ्याने भूजल नियंत्रण स्वीकारलं, विलकॉक्स खोऱ्याने नाकारलं. पुढे राज्य सरकारने विलकॉक्समध्येही नियंत्रण आणलं.

ओढ्याकाठच्या विहिरीला आणखी एक कायदेशीर पेच आहे. पाणी जमिनीखालून निघत असलं, तरी ते ओढ्याच्या गाळातून झिरपणारं असेल, तर कायद्याच्या नजरेत ते भूजल ठरत नाही, ओढ्याचंच पाणी ठरतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा याबाबतचा मूळ निकाल 1931 चा आहे. म्हणजे ओढ्याला अगदी लागून असलेली विहीर भरपूर पाणी देईल, पण त्या पाण्यावरही 'आधी कोण' हा प्रश्न विचारला जाऊ शकतो.

पाण्याची प्रतही पाहायला हवी. व्हर्दे खोऱ्यातल्या अनेक विहिरींत नैसर्गिकरीत्या आर्सेनिक आढळतं. सार्वजनिक नळयोजनांसाठी आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. खासगी विहिरींना हा नियम लागू नाही, त्यामुळे तपासणी मालकानेच करून घ्यायची.

'पाणी येईलच' असं गृहीत धरलं तर काय होतं?

स्कॉट्सडेल शहराबाहेर रिओ व्हर्दे फूटहिल्स ही वस्ती आहे. मोठे प्लॉट, घोडे, डोंगराचं दृश्य. पण शेकडो घरांना ना नळ, ना चालणारी विहीर. टँकर स्कॉट्सडेलमधून पाणी भरून आणायचे. दुष्काळाचं कारण देत शहराने 1 जानेवारी 2023 पासून हे पाणी बंद केलं. टँकर लांबून आणावे लागले, खर्च वाढला. लोकांनी पावसाचं पाणी साठवलं, कागदी ताटल्या वापरल्या. अखेर राज्याच्या विधिमंडळाला कायदा करून तोडगा काढावा लागला.

ही वस्ती पाण्याशिवाय उभी कशी राहिली? नियंत्रित क्षेत्रात 6 किंवा त्याहून जास्त प्लॉट पाडले, तर 100 वर्षं पुरेल एवढं पाणी असल्याचं दाखवावं लागतं. 5 प्लॉटपर्यंत ही अट नाही. मग पाच-पाचचे तुकडे पाडून विकण्याचा मार्ग निघाला. कायदा मोडला नाही, पण पाण्याची जबाबदारी ग्राहकाच्या गळ्यात पडली.

ओढा बारमाही आहे, हे कसं ओळखायचं?

वाळवंटातले प्रवाह तीन प्रकारचे असतात. वर्षभर वाहणारे, काही महिने वाहणारे आणि फक्त पावसानंतर काही तास वाहणारे. तिसऱ्या प्रकाराला तिथे 'वॉश' म्हणतात. तो वर्षातले बहुतेक दिवस वाळूचा कोरडा पट्टा असतो.

एकच प्रवाह वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा वागतो. विकेनबर्गजवळची हासायाम्पा नदी बहुतांश वाळूखालून वाहते आणि मोजक्याच पट्ट्यात वर दिसते. टूसॉनमधून वाहणारी सांता क्रूझ नदी भूजलाच्या उपशामुळे विसाव्या शतकात कोरडी पडली. म्हणून मार्च महिन्यात, डोंगरातला बर्फ वितळत असताना काढलेला फोटो पुरावा मानायचा नाही. जागा पाहायची ती जूनमध्ये. मान्सूनच्या आधीचा हा सगळ्यात कोरडा महिना.

आणि पाणी जास्त झालं तर?

हो, ॲरिझोनातही मान्सून असतो. अधिकृत हंगाम 15 जून ते 30 सप्टेंबर. पाऊस कमी पडतो, पण कोसळतो तेव्हा तासाभरात. कडक जमीन तो शोषून घेत नाही आणि ओढ्याला लोंढा येतो.

जुलै 2017 मध्ये पेसनजवळ एलिसन क्रीकच्या डोहावर एक कुटुंब वाढदिवस साजरा करत होतं. पाऊस वर डोंगरात पडला होता. चिखल, ओंडके आणि राख घेऊन आलेल्या लोंढ्यात त्या कुटुंबातल्या 10 जणांचा मृत्यू झाला. वरच्या भागात महिनाभरापूर्वीच वणवा लागून गेला होता. जळालेली जमीन पाणी धरत नाही, त्यामुळे वणव्यानंतर काही वर्षं खालच्या ओढ्यांना पुराचा धोका वाढलेला असतो. म्हणून फक्त आपल्या प्लॉटचा नाही, तर ओढ्याच्या वरच्या पाणलोटाचा वणव्यांचा इतिहासही पाहावा लागतो.

पुराचे नकाशे 'फेमा' बनवते. ही अमेरिकेची आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा, भारतातला परकीय चलन कायदा नव्हे. या नकाशावरचा '100 वर्षांचा पूर' म्हणजे शतकातून एकदा येणारा पूर नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता 1 टक्का असते. 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ही शक्यता सुमारे 26 टक्के होते, म्हणजे साधारण चारात एक.

अशा क्षेत्रात केंद्राची हमी असलेलं कर्ज घेतलं, तर पूर विमा सक्तीचा आहे. केंद्राच्या योजनेत घराच्या इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलरचं संरक्षण मिळतं. जमीन, कुंपण, विहीर आणि सेप्टिक टँक त्यात येत नाहीत. रँचवर नुकसान नेमकं याच गोष्टींचं होतं. कर्जाशिवाय विमा घेतला, तर तो लागू व्हायला सहसा 30 दिवस लागतात. ढग दिसल्यावर विमा काढून उपयोग नाही.

ओढ्याच्या पात्रात भराव टाकणं, प्रवाह वळवणं किंवा पूरक्षेत्रात गोठा बांधणं यासाठीही काउंटीची आणि काही वेळा केंद्राची परवानगी लागते.

रस्ता, कुंपण आणि जमिनीखालचं धन

पाण्यानंतर या तीन गोष्टी.

रस्ता: प्लॉटपर्यंत गाडी जाते म्हणजे तिथून जाण्याचा कायदेशीर हक्क आहे असं नाही. शेजाऱ्याच्या किंवा सरकारी जमिनीतून वाट जात असेल, तर वहिवाटीचा नोंदवलेला हक्क हवा. वाट ओढ्यातून जात असेल, तर पुरात घराचा संपर्क तुटतो. पाण्याखालचा, बॅरिकेड लावलेला रस्ता ओलांडताना अडकलं, तर सुटकेचा खर्च चालकाकडून वसूल करणारा कायदाही ॲरिझोनात 1995 पासून आहे. तो ओळखला जातो 'मूर्ख वाहनचालक कायदा' या नावाने!

कुंपण: ॲरिझोनाच्या मोकळ्या चराईच्या भागात शेजाऱ्याची गुरं तुमच्या बागेत शिरली, तर दोष सहसा त्याचा नसतो. गुरं बाहेर ठेवायची तर कुंपण तुम्ही घालायचं.

खनिजं: 1916 च्या एका कायद्याने वसाहतकऱ्यांना 640 एकरांपर्यंत चराईची जमीन मिळाली, पण खालची खनिजं केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवली. अशा जमिनीवर आज मालकी एकाची, तर खाणीचा हक्क दुसऱ्याचा असू शकतो.

न्यू मेक्सिकोत वेगळं काय?

शेजारच्या न्यू मेक्सिकोतही जुन्या तारखेचा हक्क मोठा. पण तिथे जवळपास 700 'असेकिया' आहेत. स्पॅनिश वसाहतीच्या काळापासून चालत आलेले हे सामूहिक पाट. पाण्याची पाळी 'मायोर्डोमो' ठरवतो. आपल्याकडच्या फड पद्धतीतला पाटकरी आठवावा, तसा. दर वसंतात पाट साफ करायला प्रत्येक घराने माणूस द्यायचा किंवा पैसे. इथे जमीन घेणारा माणूस गावकीत सामील होतो, आणि ती जबाबदारी टाळता येत नाही.

परदेशी नागरिकाला अशी जमीन घेता येते?

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला साधारणपणे आधी शेतकरी असावं लागतं. ॲरिझोनात अशी अट नाही आणि भारतीय नागरिकही जमीन घेऊ शकतो. पण काही नियम आहेत.

अमेरिकेच्या 1978 च्या कायद्यानुसार परदेशी व्यक्तीने शेतजमीन घेतली, तर 90 दिवसांत तिथल्या कृषी खात्याला कळवावं लागतं. ग्रीन कार्ड नसलेला एच-1बी व्हिसाधारकही यात परदेशीच ठरतो. न कळवल्यास जमिनीच्या बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. चराईची रँच ही शेतजमीनच धरली जाते.

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते. आणि कराच्या दृष्टीने अनिवासी परदेशी असलेल्या व्यक्तीने पुढे ती जमीन विकली, तर विक्रीच्या रकमेतून सहसा 15 टक्के कर आधीच कापून घेतला जातो.

सही करण्याआधी

ॲरिझोनात शहरहद्दीबाहेरच्या, पाच किंवा कमी तुकड्यांच्या जमिनी विकताना मालकाला एक शपथपत्र द्यावं लागतं. रस्ता, पूरक्षेत्र, पाण्याचा स्रोत याची माहिती त्यात असते. ते हस्तांतरणाच्या किमान 7 दिवस आधी द्यायचं असतं आणि मिळाल्यावर 5 दिवसांत ग्राहक व्यवहार रद्द करू शकतो. हे दिवस महत्त्वाचे. त्याआधीच पुढच्या गोष्टी हातात असाव्यात:

• खरेदीखतावरचे एकर आणि भाड्याचे एकर यांचा वेगळा हिशेब
• पाण्याच्या हक्काची तारीख, प्रमाण आणि गेल्या 5 वर्षांतल्या वापराचा पुरावा
• विहिरीचा नोंदणी क्रमांक, खोली, पंपाची चाचणी आणि पाण्याचा प्रयोगशाळेतला अहवाल
• विहीर सामाईक असेल, तर त्याचा लेखी करार
• फेमाचा पूर नकाशा आणि विमा कंपनीकडून प्रत्यक्ष हप्त्याचा आकडा
• रस्त्याचा नोंदवलेला हक्क
• खनिज हक्क कुणाकडे, याचा कागद
• पाणी हक्कांच्या कामातला वकील, जो विकणाऱ्याने सुचवलेला नसेल

हा खर्च आणि वेळ अनेकांना नकोसा वाटतो. पण वाळवंटात पाण्याविना जमीन म्हणजे फक्त दृश्य. ओढा पाहून किंमत ठरते, तर ओढ्याचा कागद पाहूनच होकार द्यावा. तो कागद विकणाऱ्याला दाखवता येत नसेल, तर व्हीडिओतलं पाणी कितीही निळं असलं, तरी ते दुसऱ्या कुणाचं तरी असण्याची शक्यता जास्त.